कोल्बीचं कालवण

माणूस पारखायला मैदानावर जावं लागतं, हे यशोधन चौलकरला मुळातच मान्य नव्हतं. "आकडे नीट वाचता आले की घरबसल्या माणूस दिसतो," असं तो टेक्सासातल्या अर्विंगच्या प्रत्येक पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने आपापला पदार्थ आणायच्या जेवणाला, हातात कागदी प्लेट घेऊन, कुणी विचारलेलं नसताना सांगायचा. ऐकणारे बिचारे बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पिचलेले. हा गृहस्थ चक्क फुटबॉलच्या संघात नोकरी करतो याचंच त्यांना इतकं अप्रूप, की पुढची बढाई ते मुकाट्याने गिळायचे.

नोकरी मात्र खरी होती हं. ट्रिनिटी स्टीअर्स नावाचा संघ, आणि खेळ तो अमेरिकन फुटबॉल, ज्यात बॉलला पाय क्वचितच लागतो. दर एप्रिलमध्ये तिथे ड्राफ्ट असतो. म्हणजे कॉलेजात खेळणारी पोरं सगळे व्यावसायिक संघ आळीपाळीने उचलतात. गल्लीत दोन कॅप्टन गडी मागून घेतात ना, तसंच. फक्त इथले कॅप्टन सुटाबुटात असतात आणि ते टीव्हीवर दाखवतात. कुठला गडी मागायचा हे ठरवायला संघाकडे जाणती माणसं असतात, आणि त्या जाणत्यांच्या शेपटाला, आकडेमोड करायला, यशोधन होता.

स्टीअर्सची गरज साधी होती. मागच्या सीझनला समोरच्या संघाचा कुणीही सोम्यागोम्या यांना मागे टाकून पळत सुटायचा. तेव्हा त्या पळणाऱ्याला चिकटून राहील असा वाऱ्यासारखा पोरगा हवा होता. विभागप्रमुख कर्टिस, सहा फुटांच्या वर आणि दारात मावणार नाही इतका रुंद, यशोधनला म्हणाला होता, "तुझ्या नावावर एक पोरगा दे. तो चालला की तू चाललास."

यातलं उरलेलं वाक्य यशोधनला न बोलता समजलं. त्याचा करार नवा सीझन सुरू होईपर्यंतचाच. तो वाढला नाही तर व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की ज्ञानदाचा अर्धा झालेला नर्सिंगचा कोर्स तसाच टाकून दोघांनी बॅगा भरायच्या. ज्ञानदा त्याची बायको. ती याबद्दल काही बोलत नसे, पण हल्ली नवं भांडंकुंडं विकत घ्यायचं म्हटलं की "राहू दे, बघू नंतर" म्हणायची. ते त्याला फार लागायचं.

तर यशोधनने पोरगा शोधला. शेजारच्या आर्कान्सा राज्याच्या डोंगराळ भागातलं एक आडगावचं कॉलेज, जिथे स्टीअर्सचं कुणी आजवर फिरकलं नव्हतं, आणि तिथला हा कोल्बी वॉरन. त्याच्या धावण्याच्या वेळा बघून यशोधन खुर्चीतून उठून उभाच राहिला. एवढा वेगवान पोरगा, आणि कुणाच्या डोळ्यांत भरला नाही? इतक्या सगळ्या जाणत्यांचे डोळे काय गहाण पडले होते? त्याने कोल्बीवर दोन महिने घासले आणि ठरवलं की आता या पोरासाठी जीव टाकायचा.

मोठ्या मीटिंगच्या आदल्या दिवशी टेक्सासच्या रिवाजाप्रमाणे गारा पडल्या आणि यशोधनच्या गाडीची पुढची काच फुटली. कर्टिस म्हणाला, घरूनच व्हिडिओवर ये. यशोधनला त्यात काही वाईट वाटलं नाही. पण त्या घरात त्या वेळी त्याची आई होती.

आई म्हणजे सुवर्णाताई, अलिबागहून नुकत्याच आलेल्या. इंग्रजीशी त्यांचं वैर नव्हतं, ओळखच नव्हती. पोरगा वाळला आहे असं त्यांनी विमानतळावरच जाहीर केलं होतं आणि तेव्हापासून त्या त्याला भरवत होत्या. मीटिंगच्या दिवशी त्यांनी कोळंबीचं कालवण केलं होतं. मीटिंग ऐन जेवणाच्या वेळेला. यशोधनने विचार केला, कॅमेरा बंद, माइक बंद, आपली पाळी शेवटी. तोवर दोन घास खाऊन घेऊ. लॅपटॉपशेजारी ताट आलं.

तिकडे एकेका पोराचा निकाल लागत होता. त्या खोलीत एक शब्द फार घातकी होता, बस्ट. बस्ट म्हणजे वाजतगाजत आणलेला आणि फुसका निघालेला गडी. एखाद्या पोराला जाणत्याने बस्ट म्हटलं, की त्याच्या नावाची पट्टी भिंतीवरच्या फळ्यावरून काढून टाकायची. इकडे यशोधन भात कालवत ऐकत होता.

"ओके," कर्टिसचा आवाज आला, "कोल्बी?"

यशोधनने डाव्या हाताने झटकन माइक चालू केला. घास गिळून तो तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आई आली. लॅपटॉपमधला साहेब आपल्या पदार्थाचं नाव घेतो आहे, हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"कोल्बी? एनीबडी?" कर्टिसने पुन्हा विचारलं.

"बघ, साहेबसुद्धा विचारतोय कोळंबी," असं म्हणत आईने वाटीत भला मोठा डाव ओतला. रस्सा काठावरून लॅपटॉपच्या दिशेने निघाला. यशोधनने दोन्ही हात आडवे घातले आणि ओरडला, "बस! बस! बस!"

तिकडे सगळ्यांनी ते ऐकलं. टेक्सासचे लोक शेवटचा ट तसाही गिळतात. त्यामुळे समोरच्याने गिळला असेल तर ते आपणहून लावून घेतात.

"बस्ट?" कर्टिस म्हणाला. "तीनदा? यशोधन, तो तर तुझाच पोरगा आहे."

 आईला हातानेच लांब करत यशोधन घाईघाईने म्हणाला, "नो, नो. ही इज गुड, ना. ही इज द बेस्ट, ना."

आता आपण दिवसभरात वाक्यामागे किती ना लावतो ते आपलं आपल्यालाही ठाऊक नसतं. येतोस ना, जेवलास ना, चांगला आहे ना. आपला ना म्हणजे समोरच्याला जवळ ओढणं. पण अमेरिकन कानाला ना म्हणजे सरळ नाही. कर्टिसने जे ऐकलं ते असं होतं: चांगला आहे? छे. सगळ्यांत चांगला? छे, छे.

"याला म्हणतात प्रामाणिकपणा," कर्टिस भारावून म्हणाला. "स्वतःच आणलेल्या पोराला स्वतःच नापास करणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय."

खरी गंमत पुढेच आहे. आजवर कोल्बीबद्दल चकार शब्द न काढलेल्या जाणत्यांना एकदम वाचा फुटली. डेनी नावाचा तिथला सगळ्यांत जुना परीक्षक. तो म्हणाला, "मलाही त्याचे गुडघे पहिल्यापासून खटकत होते." लिंडा नावाची दुसरी परीक्षक म्हणाली, "त्याच्या नजरेत भूक नाही." आणखी कुणाला त्याची मान आखूड वाटली. यशोधन "अरे ऐका, ऐका" म्हणतोय तोवर रस्सा की-बोर्डात पोचला आणि लॅपटॉपने मान टाकली.

आई बाजूला उभी. "काय रे झालं? रागावले का?"

"काही नाही, आई."

"मग चेहरा का असा? तिखट झालंय का?"

आईला काय सांगणार? त्याने कर्टिसला फोन लावला, तो लागेना. निरोप लिहायला घेतला आणि अर्ध्यात थांबला, कारण 'मी कोल्बीबद्दल नव्हे, कोळंबीबद्दल बोलत होतो' हे वाक्य लिहून वाचल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

ज्ञानदा कॉलेजातून घरी आली तेव्हा त्याने सगळं सांगितलं. ती आधी पदर तोंडात कोंबावा तशी ओढणी कोंबून हसली.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"गप्प बसलो तर मी प्रामाणिक ठरतो. पण पोरगा हातचा जातो."

"आणि बोललास तर?"

"तर मी मीटिंगमध्ये जेवत होतो असं ठरतं."

"मग बोल," ज्ञानदा म्हणाली. "तुला तो पोरगा पटलाय ना? मग त्या बिचाऱ्याचं नशीब आपल्या कालवणात का बुडवायचं?"

दुसऱ्या दिवशी यशोधन तिची गाडी घेऊन ऑफिसात गेला. फळ्यापाशी सगळे जमले होते आणि कोल्बीची पट्टी कचऱ्याच्या डब्यात पडली होती. यशोधनने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं: आई, कोळंबी, वाढण्याचा आग्रह, बस म्हणजे पुरे, आणि ना म्हणजे हो. शेवटचं समजायला त्यांना जरा वेळ लागला.

कर्टिसने त्याच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं आणि मग सावकाश डेनीकडे वळला.

"डेनी, गुडघे?"

"बाजूने पाहिले तर खटकतात," डेनी म्हणाला. "समोरून उत्तम आहेत."

"लिंडा, भूक?"

"दिसत नाही, हेच तर," लिंडा म्हणाली. "खोल दडलेली आहे."

मान आखूड म्हणणारा कॉफी आणायला गेला. कर्टिसने स्वतः वाकून डब्यातून पट्टी काढली, पँटला पुसली आणि फळ्यावर लावली. वर यशोधनला म्हणाला, "ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही. जेवणावरून आम्ही एक पोरगा काढला आणि जेवणावरून परत घेतला, हे संघाच्या मालकीणबाईंच्या कानावर गेलं, तर सगळ्यांनाच घरी जेवायला भरपूर वेळ मिळेल."

ड्राफ्टमध्ये स्टीअर्सने कोल्बीला उचललं. डेनीने टीव्हीवाल्यांना सांगितलं की हा पोरगा आपण कधीचा हेरून ठेवला होता. यशोधन पॉटलकला गेला आणि या वेळी त्याने लोकांना दोन तास सोडलं नाही. ज्ञानदाने एक नवा कुकर घेतला.

ऑगस्टमध्ये सरावाचं शिबिर लागलं. पहिल्या दिवशी कोल्बी पळाला. म्हणजे तो मनापासून पळाला, गुणी पोरगा होता. पण त्याच्या आधी बाकीचे सगळे पोचले, पाणी प्यायले आणि त्याची वाट बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तेच, आठवडाभर तेच. शेवटी कर्टिसने त्याला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, कॉलेजात तुझी वेळ एवढी कशी होती?"

कोल्बीने शिबिराचं ते लांबरुंद मैदान नजरेखालून घातलं. "सर, तुमचं हे सपाट आहे," तो म्हणाला.

डोंगराच्या उतारावर कॉलेज, त्या उतारावर मैदान, आणि वेळ मोजायची ती वरून खाली. यात लपवाछपवी काही नव्हती. तिथली सगळी पोरं जन्मभर तशीच पळत होती आणि कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. पण विचारायला जाणार कोण? गुडघे खटकलेला डेनीही गेला नव्हता आणि घरबसल्या माणूस बघणारा यशोधन तर नव्हताच नव्हता.

कोल्बीला निरोप दिला त्या दिवशी यशोधन त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला. "माझ्यासाठी तुम्ही भांडलात म्हणे. थँक यू, सर," पोरगा म्हणाला. जुन्या कॉलेजात पोरांना शिकवायचं काम त्याला मिळालं होतं आणि तो खुशीत होता. यशोधनला मात्र भडभडून आलं. आपण आकडे वाचले, त्या आकड्यांखालची जमीन वाचली नाही, एवढं त्याला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई आल्या. मिसेस हॉलिस, वय ऐंशीच्या घरात, पांढरे बूट, आणि बोलणं असं की समोरच्याने श्वास विचारून घ्यावा. त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, "हा पोरगा कुणाचा?"

यशोधनच्या मनात बॅगा भरून झाल्या होत्या. माझा, असं म्हणायला त्याने श्वास घेतला. पण कर्टिस आधी बोलला. "मॅडम, चूक माझी. पहिल्या मीटिंगला आमच्यातला एक जण त्याला स्पष्ट बस्ट म्हणाला होता. तीनदा. आम्ही ऐकलं नाही."

"कोण तो?"

सगळ्यांची बोटं यशोधनकडे वळली. डेनीने तर दोन्ही हातांनी दाखवला.

"खरं आहे?" मिसेस हॉलिसनी विचारलं.

"मॅडम, त्याचं असं झालं," यशोधन म्हणाला, "की मी तेव्हा जेवत होतो."

"ऐका," बाई बाकीच्यांकडे वळल्या. "हा माणूस जेवतानासुद्धा काम करतो."

"नाही मॅडम, म्हणजे माझ्या आईने..."

"आणि आईचे संस्कार मानतो." त्यांनी कर्टिसला सांगितलं, याचा करार तीन वर्षांचा कर, आणि त्या निघून गेल्या. खोलीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने लिंडाने पंखा लावला.

घरी ज्ञानदाने त्याचा चेहरा पाहून आधी गॅस बंद केला. बातमी ऐकल्यावर ती रडली, मग हसली. आई देवापुढे साखर ठेवून आली.

"पण काय रे," आई म्हणाली, "तुला तर तो पोरगा हवा होता ना? तू तर त्याला चांगला म्हणत होतास."

"हो."

"मग हे त्यांना ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे, आई," यशोधन म्हणाला. "खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बोलले तर सगळेच घरी जातात. म्हणून तर नोकरी राहिली."