सासूची भूमिका आणि तंटामुक्ती समिती

मंगळवार, १३ जानेवारी. पहाटे धुके, दुपारी कोवळे ऊन, संध्याकाळी मफलर लागेल इतकी थंडी.

मराठी भाषा पंधरवड्यानिमित्त येत्या रविवारी गावच्या वाचनालयात व्याख्यान द्यायचे, असे मी ठरवले. (खरे तर भैयाजींनी ठरवले, पुलगावचे प्राध्यापक ऐनवेळी नाही म्हटल्यामुळे. पण स्वतःच्या डायरीत माणसाने थोडे मोठे व्हायला हरकत नाही.) भैयाजींचे किराणा दुकान आहे आणि गावात जे जे अध्यक्षपद आहे ते त्यांच्याकडे आहे: वाचनालयाचे आणि तंटामुक्ती समितीचेही.

मी जिनिंगमध्ये दिवाणजी आहे. कापसाच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्याला व्याख्यानाला कोणी बोलवत नाही. म्हणून हे व्याख्यान असे व्हायला हवे होते की नंतर गावाने मला निदान एकदा तरी 'सर' म्हणावे. विषय निवडला, 'मालिकांच्या संवादांतील भाषिक सर्जनशीलता'. घरात मालिका रोज चालूच असते, ग्रंथ विकत आणावे लागत नाहीत.

गेला महिनाभर मी हौसेने मालिकेतल्या उपमा टिपत होतो, त्यामुळे संवाद तोंडपाठ होते. पण पडद्यावरची सासू बोलते ते आपल्या वऱ्हाडी घरात कितपत टिकते, हे प्रयोगाशिवाय कळणार नव्हते.

"अन्नपूर्णा, तू सून हो. मी सासू होतो."

"आधी नवरा त नीट व्हा," बायको तुरीच्या शेंगा सोलत म्हणाली. "मंग सासू होजा."

मी मफलर पदरासारखा डोक्यावरून घेतला आणि खिडकीपाशी उभा राहिलो. "या घराचा उंबरठा माझी पावलं ओळखतो, तुझी सही नाही. चालती हो या घरातून, आत्ताच्या आत्ता." आवाज मालिकेइतकाच लावला. (पार्श्वसंगीत नसल्यामुळे थोडा जास्तच.)

सुनेने इथे हुंदका द्यायचा होता.

"रड ना," मी म्हटले.

"काऊन रडू? सही कोणं मागतली? घर होय का बँक?"

"हे संवादात नाई."

"मंग संवादच अर्धा आहे. असल्या सासूले म्या म्हटलं असतं, तुमी म्हंजे बिनसेलचं रिमोट. हातातून कोणी सोडत नाई अन् चालत काईच नाई."

वाक्य फार उंचीचे होते. तिला आणखी रंगात आणावे म्हणून मी पुन्हा गर्जलो, "चालती हो म्हणतो ना. तुझ्या माहेरची बस अजून गेली नसेल." (हे माझे स्वतःचे. लय साधली होती.)

थोड्या वेळाने दार वाजले. भैयाजी होते, दुकानाचे शटर अर्धे ओढून आलेले. मागे समितीचे सदस्य कवडू शिंपी, आणि त्यांच्याही मागे आमच्या शेजारच्या वच्छलाबाई, ज्यांनी निरोप पोचवला होता. गावात बरेच दिवस तंटा झाला नव्हता. तिघांच्याही चेहऱ्यावर उत्साह दिसत होता.

"प्रभाकरराव, तुमच्याकडून ही उमीद नव्हती," भैयाजी खुर्ची ओढत म्हणाले. "या वयात बाईले घराबाहेर काढून राह्यले?"

"अहो, अभ्यास करून राह्यलो."

"डोक्यावर पदर घेऊन?"

मी मफलर काढला.

"माहा साळाबी असंच म्हणे," कवडू म्हणाले, "का मी गंमत करून राह्यलो. आता नागपूरले एकटाच राह्यते. हातानं पोया करते."

"अन्नपूर्णा, तू सांग याईले," मी म्हटले.

बायकोने माझ्याकडे पाहिले, मग त्या तिघांकडे. तिच्यापुढे इतके श्रोते मी तरी कधी पाहिले नव्हते. तिने शेंगांचे सूप बाजूला सारले.

"तक्रार आहे," ती म्हणाली. "भैयाजी, एक महिना झाला, या माणसानं मले मालिका पाहू नाई देली. थ्या पोरीचा नवरा मेला, मी डोये पुसून राह्यली, अन् हे म्हणतात, थांब, आता उपमा येते. अवो, प्रेत त उचलू द्या. कुकर बरा, शिट्टी मारून चूप त होते. यायची शिट्टी सुरू झाली का जाहिरातीतबी बंद नाई होत."

वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हलू लागल्या. कवडू मांडीवर थाप मारत होते. आणि मी (आता लिहिताना कळते, तेव्हा कळले नाही) खिशातून पेन काढला.

"कुकरचं पुन्हा म्हण बरं. सावकाश."

"पाहा," बायको म्हणाली. "मी तक्रार करून राह्यली, हे विवेचन करून राह्यले."

"पण भैयाजी, हे रविवारच्या व्याख्यानासाठीच आहे," मी घाईने म्हटले आणि पुरावा म्हणून सुरुवात ऐकवली. "दृक्‌श्राव्य माध्यमातील संवादांत प्रमाणभाषेपासून होणारे हेतुपुरस्सर विचलन हे..."

कवडूंना जांभई आली. भैयाजींनी खुर्ची बायकोकडे वळवली. तंटामुक्तीचे अध्यक्ष बाजूला सरकून तिथे वाचनालयाचे अध्यक्ष बसताना मला स्पष्ट दिसले.

"वहिनी," ते म्हणाले, "रविवारी खाली आहे का तुमी, काई काम त नाई?"

रविवार, १८ जानेवारी. आकाश निरभ्र, थंडी किंचित कमी. वाचनालयात व्याख्यान झाले. विषय तोच. वक्त्या सौ. अन्नपूर्णा. हशा वारंवार. माइकचा स्टँड मोडलेला निघाल्यामुळे माइक शेवटपर्यंत मी धरला.