उजेड येईल, तोंड दिसणार नाही

मानवजातीच्या प्रगतीचा इतिहास म्हणजे खिडकीचा इतिहास, असं काशिनाथतात्यांचं ठाम मत आहे. गुहेला खिडकी नव्हती म्हणून माणूस गुहेतून बाहेर पडला, हे ते समोर कुणीही असो, सांगतात. तात्यांच्या स्वतःच्या घराला चार खिडक्या आहेत. एकीसमोर कपाट आहे. दुसरीच्या गजांना लसणाच्या जुड्या टांगलेल्या आहेत. तिसरी रंग देताना चौकटीला चिकटली ती चिकटलीच. आणि चौथीवर तात्यांनी अकरा वर्षांपूर्वी प्लायवूड ठोकलं.

तात्या वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झाले, मी खालापूरच्या कचेरीतून कारकून म्हणून. आमची घरं समोरासमोर. तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात आजही टेस्टर असतो. तेराव्याला गेले तरी असतो. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा एकच शेरा: "यात टेक्निक हाय." चहा उतू गेला, एसटी उशिरा आली, सरपंच निवडून आला, सगळ्यात टेक्निक. स्वतःचं लग्न ठरतानाही ते हेच म्हणाले होते, असं त्यांच्या पत्नी राधाकाकू सांगतात. काय टेक्निक, ते अजून उलगडलेलं नाही.

त्या चौथ्या खिडकीपलीकडे चार फुटांचा बोळ आहे आणि बोळापलीकडे धाकटा भाऊ शांताराम. घरं बांधताना भावांनी खिडक्या मुद्दाम समोरासमोर ठेवल्या होत्या, कालवणाची वाटी हात लांबवून इकडची तिकडे देता यावी म्हणून. पुढे पत्र्याच्या पागोळीचं पाणी कुणाच्या बाजूला पडावं यावरून दोघांचं बोलणं बंद झालं आणि खिडकीवर प्लायवूड आलं. वाट्या मात्र थांबल्या नाहीत. दोघी जावा त्या मागच्या दाराने नेऊ लागल्या. भांडण पुरुषांचं असल्यामुळे बायकांना वीस पावलं जास्त चालावं लागलं, एवढाच फरक.

तीन वर्षांपूर्वी शांतारामला अर्धांगाचा हलका झटका आला. टेंपो चालवणारा माणूस, दिवसभर घरात टिकायचा नाही. आता डावा पाय ओढत चालतो आणि बोळाकडच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसून राहतो. मुलगा आणि सून खोपोलीला कामावर. बायको मालन अंगणवाडीत, ती तीनला येते.

त्याच सुमारास तात्यांनी एक वेगळीच काच पाहिली. कळंबकडे मुंबईच्या एका गृहस्थांनी शनिवार-रविवारसाठी घर बांधलंय. तिथलं वायरिंग बघायला तात्या गेले होते. न्हाणीची एक भिंत अख्खी काचेची. बटण दाबलं की काच दुधासारखी होते, पुन्हा दाबलं की आरपार. आधी चारचौघांना दिसेल अशी न्हाणी बांधायची आणि मग दिसू नये म्हणून यंत्र बसवायचं, यावर पारावर दोन दिवस लोक पोट धरून हसले. तात्या हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की चौथ्या खिडकीला तशीच काच लागणार. खोलीत अंधार आहे. या काचेतून उजेड येईल, तोंड दिसणार नाही.

कुणाचं तोंड, ते सगळ्यांना कळलं. आजारी भाऊ समोर बसतो तर तेही या माणसाला बघवत नाही, असं गावाने ठरवून टाकलं. मीही ठरवलं. काकूंनी जुन्या कॅलेंडरची पानं चिकटवायला सुचवलं. खालापूरच्या काचवाल्याने साधी दुधी काच दाखवली.

"दुधी काच कायम दुधी," तात्या म्हणाले. "माणसाच्या हातात काय राह्यलं? यात टेक्निक नाय."

नवीन शोध आमच्या भागात एका ठरलेल्या क्रमाने येतात. आधी बंगल्यांत, मग हायवेच्या हॉटेलांत, मग दातांच्या डॉक्टरकडे आणि सगळ्यात शेवटी माणसांत. काचवाल्याने मुंबईच्या कंपनीला फोन लावला. हॉटेलात खोल्या किती, असं त्यांनी विचारलं. एकच खिडकी आहे म्हटल्यावर त्यांनी पुढचे सात महिने फोन उचलला नाही. मग बहुधा कंटाळून त्यांनी नमुना पाठवला: वहीच्या पानाएवढी काच, दोन वायरी आणि एक डबा. तात्या तो पिशवीत घालून हिंडू लागले. दिसेल त्या बोर्डात पिन खुपसायची आणि काच चालू-बंद करून दाखवायची. न्हाव्याकडे दाखवली, रेशनच्या दुकानात दाखवली, एका हळदीच्या मांडवात तर स्पीकरची पिन काढून दाखवली. तिथे बसलेल्या गंगूआत्याने सगळं नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "मंग पडदा लाव की रं, काशिनाथ."

तात्या दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आत्याच्या घरी जाऊन पडद्यात टेक्निक नाही, हे सांगून आले.

खरी काच यायला दोन वर्षं लागली आणि आली तेव्हा ती चारी बाजूंनी तीन तीन बोटं मोठी होती. तात्यांनी माप खिडकीचं न घेता वरच्या प्लायवूडचं घेतलं होतं. खिडकीचं घ्यायचं तर प्लायवूड काढावं लागलं असतं, आणि काच बसेपर्यंत ते काढायचं नाही हे ठरलेलं होतं. शेवटी भिंत फोडली. गवंडी काम करत होता तोवर तात्या पाठमोरे उभे होते.

या काचेचा एक स्वभाव आहे. वीज दिली की ती आरपार होते, वीज काढली की दुधी. म्हणजे शांतारामचं तोंड दिसू नये यासाठी तात्यांना काहीही करायचं नव्हतं, नुसतं बटण बंद ठेवायचं होतं. तरी महिन्याभरात त्यांनी इन्व्हर्टर आणला. आमच्याकडे वीज मनात येईल तेव्हा जाते, त्यामुळे काकूंना वाटलं, पंख्यासाठी.

परवा दुपारी वीज गेलेली असताना मी पेपर परत द्यायला गेलो. पंखा बंद. काकू सुपाने वारा घेत होत्या. इन्व्हर्टर बिघडला का, असं मी विचारलं. त्यांनी हनुवटीनेच खिडकी दाखवली आणि म्हणाल्या, "चालू हाय की. त्या बाईसाहेबांसाठी."

काच आरपार होती. समोर स्टुलावर तात्या, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसलेले. पलीकडे शांताराम खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला होता. दोन वाजले तसे तात्यांनी बटण दाबलं. काच दुधी झाली, आरपार झाली, पुन्हा दुधी, पुन्हा आरपार. तीनदा. दर वेळी दुधी काचेवरचं ऊन उडून शांतारामच्या तोंडावर पडत होतं. शांतारामने डोळे उघडले. इकडे न बघता त्याने खिडकीच्या कट्ट्यावर चाचपून गोळी काढली, तोंडात टाकली, वर पाणी प्यायला. मग रिकामा पेला उचलून काचेच्या दिशेने उलटा करून दाखवला, दूध संपल्याचं पोरं आईला दाखवतात तसा.

तात्यांनी बटण बंद केलं.

मी काही विचारलं नव्हतं. तेच म्हणाले, "झोपतो ओ भाऊसाहेब. दोनदा गोळी चुकली, मालननं हिला सांगितलं. कर्जतचा डॉक्टर म्हणला, चुकली तर पुन्ना झटका येईल. सून फोन करती, ह्याचा फोन खुर्चीखाली."

"मग हाक का नाही मारत?"

"बोलणं बंद हाय ना," तात्या म्हणाले. फ्यूज गेलाय हे सांगावं, इतक्या साधेपणाने.

काकूंनी सूप खाली ठेवलं. त्या शांतपणे म्हणाल्या की आता अकरा वर्षं झाली, पाणी काय जायचं ते गेलं वाहून, उठा, खिडकी उघडा आणि एकदा 'शांत्या' म्हणा.

 तात्या खरोखरच उठले. बटण दाबून त्यांनी काच आरपार केली. पलीकडे शांताराम मान वर करून बघत होता. तात्यांनी चौकटीवर हात ठेवला, वरून खाली चाचपत नेला, मग दुसऱ्या बाजूने, मग खालून.

खिडकी उघडली नाही. काच चारी बाजूंनी सिलिकॉन भरून पक्की बसवलेली आहे. ती उघडताही यायला हवी, हे दोन वर्षांत कुणी ऑर्डरमध्ये सांगितलं नव्हतं.