मागच्या रांगेतली टेकडी

खैरवळणच्या नव्या नाट्यगृहासाठी ठरलेल्या जागेवरची टेकडी जागा सोडायला तयार झाली, पण मोबदल्यात तिला पैसे नको होते आणि दुसरी जमीनही नको होती. तिला नाट्यगृहात कायमची एक जागा हवी होती, बसून नाटक बघायला.

नगरपरिषदेत याचं कुणाला फार आश्चर्य वाटलं नाही. अडचण मात्र वाटली. पूर्वी बाह्यवळण रस्त्याच्या वेळी एक टेकडी उठवली होती, पण ती समजूतदार होती. ओढ्यापलीकडची पडीक जमीन घेऊन ती निमूट तिकडे जाऊन बसली आणि पुन्हा कधी कुणाकडे काही मागितलं नाही. प्रेक्षागृहात बसायचं म्हणणारी टेकडी नगरपरिषदेपुढे पहिल्यांदाच येत होती.

तिची समजूत काढायला नगर अभियंता वर्षा कुंभोजे गेल्या. त्या पायथ्याच्या एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "टेकडीबाई, नदीकाठी गायरान आहे. वारा चांगला, पाणी जवळ. तिथे तुम्हाला कुणी उठवणार नाही."

"जागा हाय की मला," टेकडी म्हणाली. "नाटक न्हाई."

"पण या मैदानात इतकी वर्षं तमाशे झाले, नाटकं झाली. ती सगळी तुम्ही बघितलीच असतील."

"बघितली. मागनं."

वर्षाताईंना आधी कळलं नाही. मग टेकडीने सांगितलं. मैदानातला मंडप नेहमी तिच्या पायथ्याशी पडायचा, कारण तिच्या आडोशाने वारा लागत नसे. त्यामुळे नटांची पाठ तिच्याकडे आणि तोंड लोकांकडे. तिने आजवरचे सगळे खेळ पाठीमागूनच बघितले होते.

"हसायचं काय झालं ते कळायचं न्हाई," टेकडी म्हणाली. "म्होरली माणसं हसली, की मी हसायची. ती रडली, की आता कुनीतरी मेलं आसंल म्हनून गप बसायची. त्या मालनची पाठ मी हजारांत वळखीन. तोंड कवा बघितलं न्हाई."

मालन नांद्रेकर म्हणजे एके काळी सगळा जिल्हा जिच्या नावावर मैदान भरवायचा ती वगातली नायिका. आता सत्तरी ओलांडून ती गावातच भाच्याकडे राहत होती. फड मोडला, आवाज बसला, तसे तिने पायातले चाळ काढून ठेवले होते.

वर्षाताई परत आल्या आणि बैठक बोलावली गेली.

नगराध्यक्ष संपतराव मगदूम यांनी पहिलाच प्रश्न मुद्द्याचा विचारला. "एका खुर्चीत बसंल का ती?"

"नाही," वर्षाताई म्हणाल्या.

"मग किती खुर्च्यांत?"

"साहेब, ती आत बसली तर बाकीच्या खुर्च्याच राहत नाहीत."

मुख्याधिकारी शेवाळे यांनी लक्षात आणून दिलं, की सरकारी अनुदान आसनसंख्येवर मिळणार आहे; खुर्च्या कमी झाल्या तर अनुदानही कमी. त्यावर एका सदस्याने टेकडीला ज्येष्ठ नागरिकांची सवलत लागू होते का, असं विचारलं. होते, असं ठरलं, पण त्याने जागेचा प्रश्न सुटत नव्हता.

तो वर्षाताईंनी सोडवला. त्यांनी नकाशा उलटा फिरवला. रंगमंच मैदानाच्या पुढच्या टोकाला घ्यायचा, खुर्च्या त्याच्यासमोर, आणि नाट्यगृहाची मागची भिंत बांधायचीच नाही. शेवटच्या रांगेमागे टेकडी बसेल. तिच्यामुळे कुणाचं दिसायचं अडणार नाही, खुर्च्या सगळ्या राहतील आणि भिंतीचा खर्च वाचेल.

"म्हणजे ती आहे तिथंच राहील," मगदूम म्हणाले.

"थोडी मागे सरकेल."

शेवाळे अस्वस्थ झाले. अनुदान ज्या कामांसाठी मंजूर होतं त्यात टेकडी हटवणे हे पहिलं काम होतं. टेकडी हटली नाही तर ते पैसे मार्चअखेर परत जाणार, आणि पहिलं काम झालं नाही म्हणून पुढची कामंही अडणार. भिंत बांधली नाही तरी चालेल, पण टेकडी हटलीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

शेवटी वर्षाताई म्हणाल्या, "मग ती हटेल. नदीकाठी जाऊन राहील. बांधकाम झालं, की प्रेक्षक म्हणून परत येईल."

हे सर्वांना पटलं. टेकडीलाही पटलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "बोलवायला ईसरू नका."

त्याच आठवड्यात वर्षाताई मालनबाईंकडे गेल्या. उद्घाटनाचा खेळ त्यांनी करावा, गण, गवळण आणि वगातला एखादा प्रवेश, एवढीच विनंती होती. मालनबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली.

"डोक्यावर छप्पर आसलेल्या थेटरात एकदा उभं ऱ्हायचं हुतं, खरं हाय. दर विलेक्शनला सांगायचे, औंदा बांधतो. आता बांधताय, तर माझ्यात काय ऱ्हायलंय बघन्यासारखं? आवाज पयल्या रांगेपतूर बी जात न्हाई."

"टेकडीला तुमचा चेहरा बघायचाय," वर्षाताई म्हणाल्या आणि सगळं सांगितलं.

मालनबाईंनी सूप बाजूला सारलं. "ती माझ्या मागं हुती म्हनून मला कवा मागं बघावं लागलं न्हाई," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "ती येनार आसंल तर मी येते. ती न्हाई, तर मी बी न्हाई."

टेकडी एका मंगळवारी निघाली. विजेच्या तारा आधीच उतरवल्या होत्या आणि बाजारपेठेतल्या दुकानदारांनी पडव्या काढून घेतल्या होत्या. तिच्या माथ्यावरचा लिंब आणि त्यावरची घरटी तशीच होती. चौकात हवालदाराने हात केला तशी ती थांबली, दोन एसट्या जाऊ दिल्या आणि मग पुढे गेली. बायकांनी दारातून तिला हळदीकुंकू लावलं. संध्याकाळपर्यंत ती नदीकाठी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांनी मोकळ्या जागेवर उभं राहून चहा घेतला आणि टेकडी नसल्याची खात्री करून ते निघून गेले.

बांधकाम सुरू झालं. रंगमंच झाला, मेकअपच्या खोल्या झाल्या, खुर्च्या बसल्या. नेमक्या त्याच वेळी मगदुमांच्या मनात वेगळा विचार आला. मागची बाजू थेट मोठ्या रस्त्याला लागत होती. तिथे भिंत घातली आणि भिंतीला लागून गाळे काढले, तर नाट्यगृह स्वतःच्या पायावर उभं राहिलं असतं. ते दुष्ट माणूस नव्हते. गाळे कुणाकुणाला द्यायचे हेही त्यांनी मनात ठरवलं होतं, आणि त्यात दोन विधवा बायका होत्या.

"कुंभोजेबाई," ते म्हणाले, "जागा टेकडीमुक्त झाली असं आपण सरकारला कळवलंय. आता ती परत आली, तर आपण खोटं बोललो असं होईल."

"टेकडी म्हणून आली तर होईल," वर्षाताई म्हणाल्या. "ती प्रेक्षक म्हणून येणार आहे. आपण दारात कुणालाच विचारत नाही, की बाबा तू घरी कोण आहेस."

मगदुमांनी शेवाळ्यांकडे बघितलं. शेवाळे म्हणाले, "याबद्दल वरून मार्गदर्शन मागवावं लागेल." मार्गदर्शन मागवलं. ते आलं नाही. तोवर मागच्या बाजूला ताडपत्री लावून ठेवायची, असा मधला मार्ग निघाला.

वर्षाताईंना त्या दिवसांत झोप लागत नसे. आपण शब्द दिला आणि तिला उठवलं, आता ताडपत्रीच्या जागी भिंत आली तर कुठल्या तोंडाने नदीकडे जायचं, असं त्यांना वाटे. शेवटी मालनबाईंनीच मगदुमांच्या घरी जाऊन सांगितलं, की टेकडीला जागा नसेल तर आपला खेळ धरू नये. उद्घाटनाला मंत्री येणार होते आणि गावभर लागलेल्या फलकांवर मंत्र्यांपेक्षा मालनबाईंचं नाव मोठं होतं. मगदुमांनी गाळे उजव्या अंगाला, पार्किंगच्या कडेला घेतले. दोन्ही विधवांना गाळे मिळाले.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारपासूनच खुर्च्या भरल्या. ताडपत्री सोडून गुंडाळून ठेवली होती आणि मागच्या मोकळ्या जागेतून ऊन आत येत होतं. टेकडीला दोन दिवस आधी निरोप दिला होता. ती आली नव्हती.

रंगपटात मालनबाई नऊवारी नेसून, कपाळाला मळवट भरून बसल्या होत्या. "आली का?" त्यांनी विचारलं.

"येईल," वर्षाताई म्हणाल्या आणि स्कूटरवरून नदीकडे गेल्या.

टेकडी तिथेच बसली होती. तिच्या अंगावर एका धनगराचा कळप चरत होता.

"टेकडीबाई, सगळे तुमची वाट बघताहेत."

"मेंढरं चरत्यात," टेकडी खालच्या आवाजात म्हणाली. "मधीच कसं उठायचं? गाभनी हाईत दोनचार."

धनगर म्हणाला, "मी हाकतो की खाली." पण टेकडीने त्याला नको म्हणून सांगितलं; कळपाने दिवसभर मोठी मजल मारली होती. वर्षाताईंनी मोबाइलवरून शेवाळ्यांना कळवलं, की थोडा उशीर होईल.

शेवाळ्यांनी व्यासपीठावर जाऊन वक्त्यांना अजून थोडं बोलायची विनंती केली. खैरवळणच्या इतिहासात अशी विनंती कुणी केली नव्हती, त्यामुळे वक्ते आधी गोंधळले. मंत्री आपलं भाषण संपवून बसले होते, ते पुन्हा उठले आणि आपल्या लहानपणाबद्दल बोलले. ते चांगलं बोलले. मग मगदूम बोलले. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही आणि लोक शांत बसून राहिले. कुणी उठून गेलं नाही.

नदीकाठी मेंढ्या आपणहून उतरल्या. टेकडीने त्या पुरत्या लांब जाऊ दिल्या आणि मग ती उठली.

ती आली तेव्हा दारावरच्या माणसाने तिला अडवलं नाही. ती दारातून येणारच नव्हती. मागच्या बाजूने येऊन ती शेवटच्या रांगेपाठी अलगद टेकली. शेवटच्या रांगेतल्या लोकांच्या पाठीला थोडा गारवा लागला. काहींनी मागे वळून नमस्कार केला. तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला.

मालनबाई पुढे आल्या. ढोलकीवाल्याने हळूच सुरुवात करून दिली. मालनबाईंनी गवळण उचलली, आणि पहिल्या दोन ओळींत सगळ्यांना कळलं, की आवाज खरंच राहिलेला नाही. तो बारीक होता आणि मध्येच फाटत होता. पुढच्या रांगेतल्या लोकांनी माना खाली घातल्या.

मालनबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या सरळ मागे, शेवटच्या रांगेच्या वर बघत होत्या. इतकी वर्षं त्या मैदानात गायल्या, पण त्यांचा आवाज टेकडीकडे कधी गेला नव्हता. तो नेहमी पुढे, लोकांकडे निघून जायचा. आज तो पहिल्यांदा तिच्यापर्यंत गेला. टेकडीने तो घेतला आणि परत दिला. फार मोठा करून नाही. होता तसाच, फक्त सगळ्यांना ऐकू येईल इतका. फाटलेली जागा फाटलेलीच आली. लोकांनी माना वर केल्या.

वर्षाताई कडेला उभ्या होत्या. ध्वनिव्यवस्थेचं काम निधीअभावी राहून गेलं होतं, आणि ते करायची आता गरज नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. पण त्या वेळी त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्या रडत होत्या.

वगातल्या प्रवेशात मालनबाईंनी पाटलाची खोड मोडणारी बायको केली. एका जागी त्यांनी नुसती भुवई उडवली, बोलल्या काहीच नाहीत. प्रेक्षकांच्या आधी टेकडी हसली. तिचं हसू सगळ्यांच्या पायांखालून गेलं आणि मग सगळं नाट्यगृह हसलं. मालनबाईंना थांबावं लागलं. हसू ओसरेपर्यंत त्या पदर दाताखाली धरून उभ्या राहिल्या.

खेळ संपल्यावर मंत्री गेले, लोक गेले. टेकडी उठली नाही. आधी माणसांना जाऊ द्यावं असा तिचा विचार होता. मालनबाई रंगमंचाची पायरी उतरून, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, वर्षाताईंचा हात धरून शेवटच्या रांगेपर्यंत आल्या. दम लागला म्हणून एका खुर्चीत बसल्या.

"मला वाटलं हुतं, तू गोरी आसशील," टेकडी म्हणाली.

"रंग लावला की दिसते," मालनबाई म्हणाल्या. "आज लावला न्हाई जादा."

"बरं केलंस."

मालनबाईंनी पायातले चाळ सोडायला घेतले. गाठ सुटेना, म्हणून वर्षाताई खाली बसून सोडू लागल्या.

"पुन्ना कवा हाय?" टेकडीने विचारलं.

मालनबाईंनी वर्षाताईंकडे बघितलं. वर्षाताईंनी गाठीवरून मान वर केली नाही.

"गुरवारी," मालनबाई म्हणाल्या.

गुरुवारी कुठलाही खेळ ठरलेला नव्हता. मुख्याधिकाऱ्यांनी तो दुसऱ्या दिवशी सकाळी मंजूर केला.