दसारामभाऊंची स्टँडवरची ड्यूटी

साकोलीच्या एसटी स्टँडवरून लहान पोर घेऊन जाणार असाल, तर ते पोर तुमचंच आहे हे पटवून द्यायची तयारी ठेवा. पोलिसांना नव्हे, दसारामभाऊंना. सत्तरी ओलांडलेले, भर उन्हाळ्यातही खाकी स्वेटर न काढणारे हे फौजेतले निवृत्त हवालदार पहिल्या गाडीपासून स्टँडवर हजर असतात. पोर दिसलं की हे समोर उभे. मोठ्या माणसाकडे ढुंकूनही न बघता थेट पोराला विचारतात, "कोणासंगं जाऊन राहिला? कायले जाऊन राहिला?" उत्तर मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही, कारण भाऊ दाराच्या पायरीवर उभे असतात.

मी त्यांचा भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेला, गावात बऱ्यापैकी अब्रू असलेला माणूस. तरी मागच्या सुट्टीत नातीला लाखांदूरला सोडायला निघालो, तर मलाही अडवलं.

"भाऊ, माझी नात आहे. रोज तुमच्या अंगणात खेळते!"

"गुरुजी, तुमाले नाही इचारलं. तिले इचारून राहिलो."

मी बर्फाचा गोळा घेऊन दिला नव्हता, म्हणून नात फुगून बसली होती. ती म्हणाली, "मी यांना ओळखत नाही." झालं! पुढे मुलीला फोन लावून, तिच्याकडून माझी ओळख पटवून घेईपर्यंत अख्खी गाडी माझ्याकडे चोर बघावा तशी बघत होती. असा संताप आला की सांगता सोय नाही. बरं, इतक्या वर्षांत यांना पोर पळवणारा एकही माणूस सापडलेला नाही. अडवले ते सगळे मामा, काका आणि माझ्यासारखे आजोबा.

भाऊ मूळचे लाखांदूरकडच्या एका खेड्यातले. बाप लवकर गेला. माय लोकांच्या बांधीत धानाच्या रोवणीला जायची, आणि रोवणी संपली की चूलही विझायची. भाऊ नऊ वर्षांचे असताना गावातलाच एक माणूस त्यांना साकोलीहून गोंदियाला आणि तिथून रेल्वेनं कलकत्त्याला घेऊन गेला. तिथे हॉटेलात कपबश्या विसळायच्या आणि टेबलाखाली झोपायचं. अंगात थोडा जोर आल्यावर ते फौजेच्या भरतीत जाऊन उभे राहिले. "छाती मोजली, उंची मोजली, वय कोणी मोजलं नाई. अन् पयल्याच दिवशी पोटभर जेवण भेटलं. मंग कोण वापस जाते?"

एकाहत्तरच्या लढाईत ते पूर्वेच्या सीमेवर होते. कलकत्त्यात बंगाली शिकल्यामुळे साहेबांनी त्यांना नदीच्या घाटावर उभं केलं. पलीकडून माणसांचे लोंढे येत होते, त्यात चुकलेली पोरं वेचायची आणि त्यांच्या माणसांपाशी पोचवायची. पुढे गोळीबारही पाहिला, पण त्यावर ते बोलत नाहीत. गावातल्या तरण्या पोरांना मात्र तेवढंच हवं असतं. "आजोबा, किती मारले?" असं कोणी विचारलं की भाऊ भडकतात, "मारल्याचं इचारता? एका खांद्यावर बंदूक अन् दुसऱ्यावर कोणाचं तरी रडतं लेकरू होतं, त्याचं इचारा!"

आमच्याकडे सव्वीस जानेवारीला त्यांचा सत्कार ठरलेला. यंदाही शाल दिली, नारळ दिला. पाहुणे माईकवर म्हणाले, "नवव्या वर्षी या वीरानं देशासाठी घर सोडलं!" भाऊ खुर्चीवरून उठले. "देशासाठी नाई, भुकेपायी सोडलं! घरी भात असता तं कायले गेलो असतो?" पाहुणे हसले. भाऊंनी त्यांचा माईक धरला. "हासता काहून? आजही लेकरं चाल्ली, तुमाले दिसत नाई?" सूत्रसंचालकानं घाईघाईत राष्ट्रगीत सुरू करून टाकलं. भाऊ ताठ उभे राहिले आणि कार्यक्रम वाचला.

त्यानंतरच्याच आठवड्यात ते घडलं. धानाची कामं संपली की आमच्याकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. सोबत गाठोडी, गंज-पातेली, ताटल्या, आणि घरी सांभाळायला कोणी नसलेली पोरं. मी भंडाऱ्याच्या गाडीची वाट बघत होतो. समोर उभ्या असलेल्या मजुरांच्या गाडीत खिडकीशी आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेचाच ड्रेस घालून बसली होती. भाऊ चढले.

"कायले जाऊन राहिली, बाई?"

मुलगी ड्रेसचं बटण पिळत राहिली.

"शाळा सोडून जावंसं वाटते का तुले?"

ती भोकाड पसरून रडायला लागली. तिची आई कडाडली, "काहून रडवता जी लेकराले? आमी काय हौसेनं चाल्लो? ठेवता तुमच्या घरी?" मजूर नेणारा ठेकेदार शिव्या देत धावला. स्टँडचा कंट्रोलर तर पोलिसांना बोलावतो म्हणाला. हाच कंट्रोलर परवा सत्काराच्या टाळ्यांत सगळ्यांत पुढे होता! शाल पांघरायला सगळे तयार, म्हणणं ऐकायला मात्र कोणाला वेळ नाही.

पण त्या क्षणी मलाही भाऊंचाच राग आला होता. मी त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं. "काय मिळालं? पोरीला रडवलंत!"

"रडली ना? बरं झालं."

"बरं झालं?"

भाऊ त्या खिडकीकडेच बघत होते. "गुरुजी, ह्या स्टँडवर तवा फक्त एक चिंचेचं झाड होतं. माय मले गाडीत बसवाले आली होती. मनली, रडजो नोको, रडशील तं तो मानूस नेनार नाई. म्या दात दाबून बसलो. गाडी हालली तं हासून दाखवलं. फौजेतून पयल्या सुट्टीत आलो तं माय नव्हती. शेजारीण सांगे, तुझी माय साऱ्याइले सांगत होती, माहा पोट्टा हासत गेला मनून. मरेपर्यंत तिले तेच वाटलं, गुरुजी."

मी त्यांचा दंड सोडला. पलीकडे गाडी सुरू झाली, फाटकापर्यंत गेली आणि थांबली. ती बाई मुलीचा हात धरून खाली उतरली. आतून ठेकेदार ओरडत होता, नवरा गाठोडी सांभाळत बसून राहिला होता. तिला मुलीला कारध्याला बहिणीकडे ठेवून दुसऱ्या दिवशी एकटीनं मागून जायचं होतं. ते तिनं सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, आणि मग भाऊंसमोर येऊन उभी राहिली.

"तुमच्यापायी झालं हे सारं! लोकाच्या घरात कायले नाक खुपसता? वय झालं, अक्कल नाई आली?"

मुलगी तिच्या लुगड्याला बिलगून अजून मुसमुसत होती. बाईचं तोंड थांबत नव्हतं. आणि एरवी कोणाचंही ऐकून न घेणारे भाऊ मान खाली घालून तिच्या एकेका शिवीला म्हणत होते, "हो माय. हो माय."