तक्रारींचा अखंड पुरवठा

पांढऱ्या टॉवेलवर डाग उठून दिसतो. म्हणून मोठी हॉटेलं पांढरे टॉवेल ठेवतात, आणि म्हणूनच लहान घरं ठेवत नाहीत.

·

अक्कलकोटजवळ मैंदर्गीकडे दोघांचं भांडण मिटलं, की एकाने दुसऱ्याला टॉवेल-टोपी द्यायची. टॉवेल खांद्यावर पडला की विषय संपला. पुन्हा काढला, तर चूक काढणाऱ्याची.

·

समुद्राकाठच्या कुठल्याशा देशात एका माणसाच्या ताटातलं माशाचं कालवण खारट झालं होतं.

·

सोलापुरात पाऊस मोजकाच पडतो. पाऊस जास्त झाल्याची कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

·

केराबाईला खोकला होता.

·

अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यावर गंभीर प्रसंग ओढवला होता. तिथल्या कामगारांची काहीच तक्रार नव्हती.

हे कारखान्याचा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीच्या लक्षात आलं. त्यांच्या तपासनीस बाईंनी तिकडे बसून संगणकाच्या पडद्यावरून तपासणी केली. तक्रारपेटी कॅमेऱ्यासमोर उघडण्यात आली. आत गुटख्याच्या पुड्या आणि पालीची दोन अंडी निघाली. अहवालात बाईंनी लिहिलं: ‘कामगार तक्रार करत नाहीत, याचा अर्थ ते घाबरतात. निरोगी कारखान्यात दर महिन्याला काही तक्रारी येतात व सुटतात. त्या न आल्यास ऑर्डर दुसऱ्या देशात हलवावी लागेल.’

मॅनेजर शिवयोगी साहेबांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

“कुणाला काही त्रास? मोकळेपणाने बोला. नाहीतर कारखाना बंद पडेल.”

सगळ्यांनी गेटाकडे पाहिलं. मागच्या खेपेला मोकळेपणाने बोललेला मल्लिनाथ आता गेटाबाहेर भजी तळत होता.

शेवटी मागावरच्या धुळाप्पाने हात वर केला. त्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखली गेली होती. कुणी प्रश्न विचारला तर उत्तराची अपेक्षा असते, असा त्याचा साधा समज होता.

“साहेब, शिलाईतली खिडकी उघडा की. कापसाचं तंतू नाकातोंडात जात्यात. बाया लई खोकत्यात.”

त्या बायांमध्ये त्याची बायको केराबाई होती. ती दिवसभर टॉवेलच्या कडा शिवायची. तिच्या मशीनजवळ एकच खिडकी होती, आणि तिला कुलूप होतं.

शिवयोगी साहेबांचा चेहरा आधी उजळला, मग पडला.

“तक्रार छान आहे, धुळाप्पा. पण ती सुटण्यासारखी हवी.”

“सुटंल की. किल्ली तुमच्या खिशातच हाय.”

“किल्ली माझ्याकडे आहे. निर्णय वरून होतो.”

“वर कुटं? पत्र्यावर?”

लोक हसले. हसणारे कामगार हेही अहवालात चालतात, म्हणून साहेबांनी फोटो काढला आणि धुळाप्पाला केबिनमध्ये नेलं. आजपासून तो मागावर नव्हता. तो ‘तक्रारदार (कुशल)’ होता. आधी लहान तक्रारी करायच्या, कंपनीचा विश्वास बसला की खिडकीची करायची, असं ठरलं. केराबाईसाठी धुळाप्पा कबूल झाला.

पहिली तक्रार अशी: संडासाजवळचा आरसा फार उंचावर आहे. संध्याकाळपर्यंत ती सुटली. फोटो गेले, बाईंनी अभिनंदन कळवलं.

“काय केलंसा आज?” घरी केराबाईने भाकरी थापत विचारलं.

“आरसा खाली आणला.”

“त्यो खालीच हुता की.”

“म्हणून आदी वर नेला.”

केराबाईने तव्यावरची भाकरी उलटली. “आन खिडकी?”

“फुडच्या म्हयन्यात.”

तिला हसू आलं, हसण्यातून खोकला आला, आणि भाकरी करपली.

पुढच्या महिन्यात चहा फार गोड झाला. त्याच्या पुढच्या महिन्यात घड्याळ पुढे गेलं. धुळाप्पाचा हात बसत चालला. आसपासच्या कारखान्यांतले साहेब येऊन विचारू लागले, की अशी जिवंत तक्रार तुमच्याकडे पिकते कशी? सोलापुरी चादरीनंतर सोलापूरची तक्रार नाव काढणार, असं कारखानदारांच्या चेंबरच्या सभेत एकजण बोलूनही गेला.

बाजाराचा नियम असा, की एखादी गोष्ट चांगली बनू लागली की ती दुसरीकडे स्वस्तात बनते. परदेशी कंपनीने हिशेब मांडला. समुद्राकाठच्या एका देशात एका सोलापुरी तक्रारीच्या खर्चात तीन तक्रारी तयार होत होत्या, त्याही शुद्ध इंग्रजीत. कंपनीने सगळ्या कारखान्यांच्या तक्रारी तिथेच बनवून घ्यायचं ठरवलं.

“म्हंजे माझं काम ग्येलं?” धुळाप्पाने विचारलं.

“काम गेलं. नाव ठेवलंय,” शिवयोगी साहेब म्हणाले. “तक्रारी तुझ्याच नावाने येतील. तू फक्त समाधानी व्हायचंस.”

धुळाप्पा मागावर परतला. आठवड्याभरात त्याची पहिली आयात तक्रार आली: ‘कॅन्टीनमधील माशाचं कालवण खारट असतं. — धुळाप्पा.’

कॅन्टीनमध्ये मासा कधी शिजला नव्हता. पण तक्रार आली म्हणजे सोडवणं भाग होतं. उजनी धरणावरून मासे आणले, कालवण केलं, खारट केलं, फोटो काढला, पाणी घातलं, पुन्हा फोटो काढला. दुसरी तक्रार आली, की पुराचं पाणी सायकल स्टँडमध्ये शिरतं. सायकल स्टँड पुरुषभर उंच चौथऱ्यावर गेला. त्या दिवसापासून सायकली खांद्यावरून वर न्याव्या लागू लागल्या.

“काय धुळाप्पा,” मल्लिनाथ झारा हलवत ओरडायचा, “पूर वसरला का न्हाय?”

“तू गप भजी तळ.”

“खारट झाली तर सांग हां! न्हायतर राहू दे, तितनंच कळवतील.”

केराबाईचा खोकला आता मशीनच्या आवाजातूनही ऐकू येऊ लागला. डॉक्टरने तिला मोकळ्या हवेत राहायला सांगितलं. ती हसून म्हणाली, “मोकळी हवा हाय की, काचंच्या पल्याड.” धुळाप्पा केबिनमध्ये गेला.

“साहेब, खिडकी.”

“तुझ्या नावावरच्या या महिन्याच्या तक्रारी संपल्या.”

“मग आमच्या हिच्या नावानं लिवा.”

साहेबांनी संगणकात पाहिलं. “तिचीही झालीय. वसतिगृहात डास फार आहेत.”

“वसतिगृह कुटं हाय?”

“बांधकाम सुरू आहे.”

धुळाप्पा दारातच खाली बसला. “साहेब, तुमी आमच्याच भागातलं. त्या तितल्या माणसाला एवडं सांगा की, म्हणावं, एक डाव आमच्या खिडकीचं लिही. त्येला काय, कालवण काय आन खिडकी काय.”

शिवयोगी साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट माणूस असते तर पुढचं घडलं नसतं. त्यांनी त्याच दिवशी विनंती पाठवली: ‘शिलाई विभागातील खिडकीसंबंधी एक तक्रार तातडीने करावी.’

समुद्राकाठच्या माणसाने ती वाचली. त्याच्या गावी सहा महिने पाऊस कोसळतो. खिडकीचा माणसाला दुसरा काय त्रास असणार, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याने मनापासून लिहिलं:

‘शिलाई विभागातील खिडकीतून पाऊस आत येतो. माझी बायको भिजते, तिला खोकला झाला आहे. कायमचा बंदोबस्त करावा. — धुळाप्पा.’

इतकी हृदयस्पर्शी तक्रार कंपनीकडे पूर्वी आली नव्हती. वरून निर्णय झाला. गवंडी आला. आतून-बाहेरून विटा लागल्या, गिलावा झाला, त्यावर पांढरा रंग बसला, आणि कुठे खिडकी होती हे बोट ठेवून दाखवावं लागू लागलं.

“माजी तक्रार उलटी हाय!” धुळाप्पा गवंड्याला सांगत होता.

“सही तुमचीच हाय न्हवं?” गवंडी म्हणाला, आणि थापी चालवत राहिला.

निवारण समारंभ शिलाई विभागातच झाला. पडद्यावर बाई हसत होत्या. शिवयोगी साहेब अक्कलकोटकडचे. भांडण मिटवायची रीत त्यांना ठाऊक होती. त्यांनी ताटात टॉवेल-टोपी आणि नारळ आणला होता. टॉवेल निर्यातीचा, पांढरा, जाड. टोपी धुळाप्पाच्या डोक्यावर बसली. साहेबांनी टॉवेल उलगडला.

“खांद्यावर घिऊ नगासा!” मागून केराबाई ओरडली. “अवो, घिऊ न—” पुढचं खोकल्यात गेलं.

“ती काय म्हणतेय?” बाईंनी विचारलं.

“तिला भरून आलंय,” साहेब म्हणाले.

धुळाप्पाने टॉवेल हवेतच धरला. खांद्यावर पडू दिला नाही. तो तसाच उलट पावली केराबाईपाशी गेला, तिच्या नाकातोंडावर टॉवेल गुंडाळला आणि मागे गाठ मारली. तिचे फक्त डोळे उघडे राहिले. खोकला आत दबला. तिने मान हलवली, मशीन सुरू केलं आणि कड पुढे सरकवली.

बाईंनी पडद्यावर दोन्ही हात छातीशी नेले. असं प्रेम त्यांनी कुठल्याच देशातल्या कारखान्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी तो क्षण टिपला, आणि पुढच्या मालापासून प्रत्येक टॉवेलच्या लेबलवर तो छापला जाऊ लागला: पांढऱ्या टॉवेलमागून पाहणारे एका बाईचे डोळे, खाली ‘मायेने विणलेला’.

टॉवेल खांद्यावर पडला नाही, म्हणजे भांडण मिटलं नाही, असं मल्लिनाथ अजूनही गिऱ्हाइकांना सांगतो. कंपनीच्या दप्तरी प्रकरण बंद आहे. केराबाई तोच टॉवेल रोज धुऊन रोज बांधते, आणि भिंतीकडे तोंड करून शिवते.

ते लेबल मानेला टोचतं, म्हणून तुम्ही ते पहिल्याच दिवशी कात्रीने कापून टाकता.

त्या खिडकीला मुळात कुलूप लागलं ते तुमच्यासारख्याच एका गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून. नव्या टॉवेलवर धुळीचा एक ठिपका होता. तक्रार खरी होती, आणि ती त्याच दिवशी सुटली.