नऊ नंबरची सह्यांची जर्सी

आपल्याला कुणी गंडवू शकत नाही, अशी नऊ नंबरची ठाम समजूत होती. आणि का नसावी? परक्या देशातल्या फुटबॉल क्लबात तीन मोसम फॉरवर्ड म्हणून खेळलेली पोरगी ती! समोरची बचावपटू कुठे वळणार, हे तिला त्या बाईच्या खांद्यावरून कळायचं.

शिवाय घरात मावशी होती. मावशी बसची तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाली आणि भाचीच्या जेवणाचे हाल नकोत म्हणून इकडे येऊन राहिली. बत्तीस वर्षं तिने प्रत्येक माणसाकडे ‘याच्याकडे तिकीट नाही’ अशाच नजरेने पाहिलं होतं. नोकरी सुटली, नजर सुटली नाही.

यंदा मात्र गाडं अडलं होतं. मोसमाबरोबर नऊ नंबरचा करार संपणार होता, आणि गेल्या सहा सामन्यांत तिने एकही गोल केला नव्हता! गोल न करणारी फॉरवर्ड म्हणजे भाकड म्हैस, असं मावशी म्हणाली. वर, ‘मनाला लावून घेऊ नकोस’ असंही म्हणाली.

अशात क्लबाचं पाकीट आलं.

“उघडू नकोस!” मावशी ओरडली. “उघडलंस की तुला कळलं असं होतं. कळलंच नाही, तर काढतील कसे?”

हे नऊ नंबरला एकदम पटलं. पाकीट आठ दिवस बुटांच्या खोक्यात पडून राहिलं.

इकडे क्लबात ती कपडे बदलायच्या खोलीत शिरली की बोलणी बंद! गोलकीपर हीच कॅप्टन. एरवी तोंडाचा पट्टा चालू असलेली ही बाई एके दिवशी म्हणाली, “आज हवा छान आहे, नाही?” बाहेर धो धो पाऊस पडत होता.

“काहीतरी शिजतंय,” मावशी म्हणाली. “डोळे उघडे ठेव.”

नऊ नंबरने ठेवले. गुरुवारी सरावानंतर कपड्यांच्या कोठीचं दार अर्धवट उघडं दिसलं. ही कोठी काकांची. काका म्हणजे संघाच्या जर्सी धुणारे, वाळवणारे, घड्या घालून खुंटीला लावणारे म्हातारे गृहस्थ. तिने आत डोकावलं. टेबलावर तिची नऊ नंबरची जर्सी पसरलेली, आणि तिच्यावर अख्ख्या संघाच्या सह्या!

क्लबाची रीतच होती तशी. जो जाणार, त्याच्या जर्सीवर सगळ्यांनी सह्या करायच्या आणि ती त्याला निरोप म्हणून द्यायची. तीन वर्षांत अशा अकरा जर्सींवर तिने स्वतः सह्या केल्या होत्या. आज बारावी, आणि ती तिचीच! तिला रडू फुटलं. मग राग आला. तिने जर्सी जॅकेटखाली कोंबली आणि थेट घर गाठलं.

मावशीने जर्सी उजेडाला धरून मागूनपुढून तपासली. “हा पुरावा. उद्या चार वाजता सगळ्यांना बोलावलंय ना? त्यांनी काढायच्या आत तूच सांग, मी चालले! जर्सी आणि बंद पाकीट टेबलावर आपट आणि ताठ मानेने परत ये.”

दुसऱ्या दिवशी चार वाजता नऊ नंबर बैठकीच्या खोलीत शिरली. सगळा संघ, कोचबाई, कोपऱ्यात नवा सदरा घातलेले काका.

“जर्सी सापडत नाहीये गं!” कॅप्टन तिच्या कानाशी रडवेल्या आवाजात कुजबुजली.

“सापडेल कशी? माझ्याकडे आहे!” नऊ नंबर गरजली. “मला सगळं कळलंय! तीन वर्षं तुमच्यासाठी गुडघे फोडून घेतले, आणि तुम्ही पाठीमागे माझ्या निरोपाच्या सह्या करता? घ्या! मीच चालले!”

तिने जर्सी आणि बंद पाकीट टेबलावर आपटलं. जर्सी उलगडली. पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची. सही एकही नाही!

तिने तिथूनच मावशीला स्पीकरवर फोन लावला.

“धुतली मग! परत करायची वस्तू काय डागांसकट द्यायची? एक तास घासत होते!”

कॅप्टनने कपाळावर हात मारला. “अगं बये, निरोप काकांचा आहे! ते निवृत्त होतायत. त्यांना स्वतःची जर्सी कुठली? मी सहज विचारलं, कोठीला आग लागली तर कुठली वाचवाल? म्हणाले, नऊ नंबर. तुझ्याच हातून द्यायची होती. पण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून सांगितलं नाही!”

नऊ नंबरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. काका मात्र उठले. त्यांनी जर्सी हातात घेतली, कॉलरचा वास घेऊन पाहिला, शिवणीवरून बोट फिरवलं.

“एकतीस वर्षं मी तुमचे कपडे धुतले,” ते म्हणाले. “माझ्यासाठी धुतलेली ही पहिलीच जर्सी. मावशींना सांग, काखेतला डाग मलाही निघाला नव्हता.”

मग त्यांनी खिशातून कपड्यांवर नंबर घालायचं जाड पेन काढलं. “करा सह्या पुन्हा. साध्या स्केचपेनने करतात होय? वेड्या कुठल्या!”

सगळ्यांनी सह्या केल्या. नऊ नंबरने रडत रडत शेवटची केली.

“आता तेच पेन या कागदावर चालव,” कोचबाई तिच्या पाकिटाकडे बोट दाखवून म्हणाल्या. “आठ दिवस वाट बघतेय. आज शेवटची तारीख.”

तिने पाकीट फोडलं. आणखी दोन वर्षांचा करार! सही इतकी जाड उमटली की खालच्या पानावरही उतरली.

“काका,” निघताना तिने लाजत विचारलं, “माझीच जर्सी का? ते गेल्या वर्षीच्या उपांत्य फेरीतले दोन गोल?”

“गोल?” काका गोंधळले. “छे गं. मोजे! धुवायला टाकताना सुलटे करून टाकणारी तू एकटीच.”

घरी आल्यावर मावशीने कराराची प्रत उजेडाला धरली. मागूनपुढून तपासली. मग चष्म्यावरून भाचीकडे पाहिलं.

“दोनच वर्षं?” ती हळूच म्हणाली. “तिसऱ्या वर्षाचं काय लपवतायत गं हे?”

आणि खोटं कशाला बोला, नऊ नंबर पुन्हा विचारात पडली.