सरव्याच्या दोन शिटा

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं, आन सोलता सोलता भांडणं. भांडण कायचं, तं विमानात खिडकीपाशी कोण बसन. विमान जवळून पाह्यलं नव्हतं, तिकिटाचा पत्ता नव्हता. तरी माही बायको शेवंता टोपलं बाजूले सारून म्हणे, "खिडकी माही. तुमी मंधात बसा. बसल्या बसल्या घोरता तुमी, तुमाले खिडकी कायले पाह्यजे?"

मी म्हटलं, "आंधी शीट तं भेटू दे."

"भेटन. न भेटाले काय झालं?"

हे 'न भेटाले काय झालं' मी सात महिने रोज आयकत होतो.

आमची एकुलती एक पोरगी सुमी मस्कतले दवाखान्यात नर्स आहे. नात दीड वर्षाची झाली तरी आमी तिले फोनातच पाहत होतो. मी अकोल्याच्या जिनिंगात फिटर. चवथी शिकलो, मशीन समजते, कागद समजत नाही. तीन वर्षं पाण्यानं दगा देल्ला, कापूसच येईना, मालकानं जिनिंगले कुलूप ठोकलं. विमानाचं तिकीट आमच्या हाताबाहेरचं. सुमी म्हणे मी काढून देतो. शेवंता फोनवरच कडाडली, "पोरीच्या घरचं पाणी पेताना मायबाप इचार करतात, आन मी तिकीट घेऊ? जावई काय म्हणतीन?"

मंग सुमीनं दुसरी वाट सांगतली. जावई कंपनीच्या कामानं सारखा विमानात. जेवढा उडते तेवढे त्याचे पाइंट जमतात. पाइंटावर आमच्या दोघांचं तिकीट निघते. फक्त विमान कंपनी पाइंटवाल्याइले मोजक्याच शिटा सोडते, त्या रोज फोनात शोधा लागतात. आन मार्च सरला का पाइंट मरतात.

शेवंतानं हातातलं सूप खाली ठेवलं. मंग म्हणे, "म्हणजे सरवा होय."

ती नांदगाव खंडेश्वराकडची. लहानपणी ज्वारी निघाली का लोकाच्या वावरात पडलेली कणसं वेचाले जाय. मालक पीक घेऊन गेला, मांगं पडलं तो सरवा, वेचन त्याचा. त्यात ना भीक, ना लाज. "जावई वरून उडले, पाइंट खाली सांडले. मी वेचतो. कोणाच्या बापाचं काय गेलं?"

त्या दिवसापासून बाई कामाले लागली. सरवा उन्हं चढाच्या आंधी वेचा लागते, नाही तं दुसऱ्या बाया येतात, हा तिचा कायदा. म्हणून तांबडं फुटलं का हातपाय धुवून, पदर खोचून, फोन घेऊन ओट्यावर. अंगरेजी येत नव्हती. मुंबई न् मस्कत, दोन्हीचं पयलं अक्षर म्हणे जुळ्या झोपड्यावाणी दिसते. मंग खुणा धरल्या: आखरी काडी ते मुंबई, आखरी खांबावर आडवं लाकूड ते मस्कत.

एक दिवस ओरडली, "भेटल्या! दोन भेटल्या!" साऱ्या गल्लीत साखर वाटली. सुमीनं पाह्यलं तं काय, शिटा मस्कतहून मुंबईच्या! समोरचा हमीद टेलर मशीन थांबवून हासत सुटला, "काकी, जाने के पैलेच वापस आ गए क्या?"

शेवंता डगमगली नाही. "येणं आहे, हे तं समजलं. आता जाणंच राह्यलं. तू दात काढू नको, माह्या झंपराच्या बाह्या तीन महिन्यापासून तुह्यापाशी पडून आहेत."

विमान कंपनीच्या बाईले फोन लावे तं आंधी गाणं वाजे. "लगन आहे काय वो तिकडं?" असं मले इचारे. बाई बोलली का, "जेवली काय माय?" मंग कामाचं. "तुमचं विमान रिकाम्या शिटा घेऊन जाते, तिथं काय हवा बसवता? दोन बुढे बसले तं जड होईन काय?" एक दिवस तं म्हणे, "मी रुमाल टाकला तं चालन काय?"

ह्या रुमालाचं सांगाच लागते. तिच्यापाशी मोठा हिरव्या चौकड्याचा रुमाल होता. यष्टी थांबाच्या आंधीच ती पळत जाऊन खिडकीतून तो आत फेके. रुमाल पडला म्हणजे शीट तिची. अमरावतीच्या स्टँडावर एकदा तो एका फौजदाराच्या मांडीवर पडला. फौजदार उठला, ही बसली.

शोधणं झालं का कुंकवात बोट बुडवून कालनिर्णयावर, म्हणजे भिंतीवरच्या तारखेवर, कधी कधी एक ठिपका लावे. मले वाटे, उपास असन. इचारलं तं म्हणे, "बायकाइचं आहे. तुमी चहा घ्या." आन शिटाचं इचारलं का, "आज काहीच नाही."

शेंगा सोलल्या, त्याच रातीले ती झोपली ते उठली नाही. डॉक्टर म्हणे हार्ट. मी त्याले म्हटलं, कालपर्यंत भांडत होती, असं कसं हार्ट.

सुमी पैशाचं तिकीट काढून आली. तेरवी झाली. निघाच्या दिवशी भिंतीपाशी उभी राह्यली न् रडाले लागली. "बाबा, हे ठिपके मायनं लावले?"

"उपासाचे आहेत."

"उपासाचे नाही, बाबा. एक ठिपका म्हणजे एक शीट. ज्या दिवशी एकच दिसे, त्या दिवशी मले फोन करे. मी म्हणो, तू एकटी ये, नातीले पाहून जा. तं म्हणे, त्या बुढ्याले इथं टाकून मी वरून काय पाहू? दोन भेटतीन. न भेटाले काय झालं."

मी भिंतीकडं पाह्यलं. ठिपके मोजले नाही. मोजाची हिंमत नव्हती.

सुमी म्हणे, "बाबा, मी काढतो तिकीट. पैशानं. आयका माहं."

"पैसा नाही. तो सरवा तुह्या मायनं राखला आहे. मार्च सराले आठ दिवस आहेत. मले दाबाचं कुठं ते दाखवून जा." तिनं दाखवलं, न् ती संध्याकाळच्या गाडीनं गेली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना हातपाय धुतले, फोन घेऊन ओट्यावर बसलो. हमीदनं दुकान उघडलं, माह्याकडं पाह्यलं, पण मशीन चालू केली नाही.

माणसाच्या खान्यात दोनचा आकडा होता. तिनंच लावून ठेवलेला. तसंच दाबलं. काहीच नाही. मंग दोनचा एक केला. तेवढ्याले लय वेळ लागला.

एक शीट होती.

नाव टाकलं. शेवटी विमान आतून दिसलं, सारे चौकोन. एका रांगेत खिडकी मोकळी, मंधातली मोकळी. बोट खिडकीवर गेलं. उचललं. मंधातली दाबली.

मंग घरात जाऊन पेटी उघडली. हिरव्या चौकड्याचा रुमाल काढला, धुतला, न् ओट्यावरच्या दोरीवर वाळू घातला.